कट केलेला फोन आणि मनात चाललेला खटला

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, मध्ये एक दिवस जाऊ दिला आणि आज उत्तर लिहायला बसले आहे. बाकीच्यांनाही समजावं म्हणून तुम्ही लिहिलेलं थोडक्यात सांगते. तुम्ही ऐरोलीत राहता, वय एकेचाळीस. सात महिन्यांपूर्वी तुमची पत्नी आत्महत्येने गेली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मुलगी नऊ वर्षांची आहे. पत्नी एका शाळेत नोकरीला होती आणि तिच्यावर तीन वर्षं नैराश्याचे उपचार चालू होते. शेवटच्या दोन महिन्यांत तिने गोळ्या सोडल्या होत्या आणि ते तुम्हाला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा तुम्ही ठाणे स्टेशनला पनवेल गाडीत चढत होतात. वीस मिनिटांत घरीच पोहोचतोय म्हणून तुम्ही तो कट केलात. आता सासुरवाडीची माणसं तुमच्याशी बोलत नाहीत. मुलीला ‘आईला अटॅक आला’ असं सांगितलंय. आणि शेवटी विचारलंत, “फोन उचलला असता तर ती आज असती का? मला खरं उत्तर हवंय, धीर नको.”

मी ठाण्यात, नौपाड्यात, चोवीस वर्षं समुपदेशन करते आहे. त्यातली बरीच वर्षं अशाच घरांसोबत गेली. खरं उत्तर देते, पण त्याआधी एक गोष्ट बोलायला हवी.

तुम्ही मध्येच एक वाक्य लिहून घाईने पुढे गेलात: “कधी कधी वाटतं मीही सुटावं.” त्या वाक्यावर मी थांबले. जोडीदार असा गेल्यावर मागे राहिलेल्याच्या मनात हा विचार येणं दुर्मीळ नाही, त्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही. पण ज्या घरात असं घडलं आहे त्या घरातल्या माणसाला स्वतःला धोका वाढलेला असतो, हेही तितकंच खरं आहे. ‘नुसता विचार आहे की आणखी काही’ हे रात्री दोन वाजता एकट्याने ठरवत बसू नका. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. नंबर फोनमध्ये आत्ताच टाकून ठेवा. आणि एका माणसाला, भावाला किंवा जुन्या मित्राला, हे वाक्य जसंच्या तसं बोलून दाखवा. विचार जर ‘कधी, कसं’ असा आकार घ्यायला लागला, तर त्याच रात्री त्या माणसाला घरी बोलवा आणि त्याच्यासोबत जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. सकाळची वाट बघू नका.

आता तुमचा प्रश्न. फोन उचलला असता तर ती असती का, हे मला माहीत नाही. तुम्हालाही ते कधीच कळणार नाही. ‘व्हायचं ते झालं, तिची वेळच भरली होती’ असं लोक तुम्हाला सांगत असतील. मी ते सांगणार नाही, कारण ते मला खरं वाटत नाही. जीव द्यावा असं तीव्रतेने वाटण्याची लाट बऱ्याचदा काही वेळापुरती असते आणि कुणाशी बोलण्याने ती कधी कधी ओसरते. म्हणून तर हेल्पलाइन चालतात. तेव्हा ‘फोनने काहीच फरक पडला नसता’ असं म्हणून मी तुम्हाला सोडवलं, तर तुम्हीच माझ्यावर विश्वास ठेवणार नाही.

पण तुम्हाला आतून पोखरतोय तो प्रश्न फोनचा नाही. तो असा आहे: ‘मी तिला मारलं का?’ त्याचं उत्तर मात्र मला देता येतं. नाही. हे धीर देण्यासाठी म्हणत नाहीये. ते कसं, हे सांगायचं तर मला माझ्याच एका जखमेपाशी जावं लागेल.

२०११ साली माझ्याकडे येणारी एक बाई गेली. त्याच आठवड्यातल्या मंगळवारी साडेचार वाजता ती माझ्यासमोर बसली होती. मी तिला विचारायचे ते सगळे प्रश्न विचारले होते. जाताना दारात चपला घालता घालता ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही खूप केलंत.” मी हसून म्हटलं, “अजून करायचंय, पुढच्या मंगळवारी या.” शुक्रवारी तिच्या भावाचा फोन आला. पुढचे कितीतरी महिने मी त्या एका वाक्यावर अडकले होते. ‘केलंत’ म्हणाली ती. भूतकाळ. ती निरोप घेत होती आणि शिकलेल्या, अनुभवी मला ते ऐकू आलं नाही! तिच्या फाइलमधला प्रत्येक शब्द मी पुन्हा वाचत होते आणि प्रत्येक पानावर मला इशारे दिसत होते.

शेवटी माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला समोर बसवून एवढंच विचारलं, “शुक्रवारचं सोड. मंगळवारी साडेचारला तुझ्याकडे काय होतं?” मी आठवून आठवून लिहिलं. ती वेळेवर आली होती. साडी इस्त्रीची होती. मुलाच्या दहावीच्या क्लासची फी भरल्याचं सांगत होती. ‘खूप केलंत’ हे मला दर महिन्याला कुणी ना कुणी म्हणतंच. त्या खोलीत त्या वेळी ते वाक्य आभाराचंच होतं. त्याचा निरोप झाला तो शुक्रवारी, आणि शुक्रवारने मागे जाऊन माझा मंगळवार बदलून टाकला.

तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालंय. तो फोन आज तुम्हाला ‘तिचा शेवटचा फोन’ म्हणून ऐकू येतो. त्या संध्याकाळी, फलाटावरच्या गर्दीत, तो काय होता? तुम्हीच लिहिलंय की ती रोज त्या सुमाराला फोन करायची: कोथिंबीर आण, कुठपर्यंत आलास, मुलीला ड्रॉइंगची वही हवीये. तुम्ही कट केलात तो त्या रोजच्या फोनांमधला एक फोन. शेवटचा फोन तुम्ही कट केलाच नाहीत, कारण तो शेवटचा आहे हे तेव्हा जगात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

एक काम करा, आणि हे मनातल्या मनात नको, कागदावरच करा. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘त्या संध्याकाळी मला माहीत होतं ते’ आणि उजवीकडे ‘नंतर कळलं ते’. मग मनात जे आरोप फिरत असतात ते एकेक करून योग्य बाजूला लिहा. ‘ती रोज या वेळी फोन करायची’ डावीकडे. ‘त्या दिवशी तिने शाळेतून अर्धी रजा घेतली होती’ हे तुम्हाला तिच्या मैत्रिणीकडून दहाव्याला कळलं, म्हणजे उजवीकडे. ‘शेवटचे चार दिवस ती छान होती, मुलीसाठी पुरणपोळ्या केल्या’ हे डावीकडे, आणि तेव्हा त्याचा अर्थ ‘चला, बरी होतेय’ असाच होता. माणूस जाण्याआधी कधी कधी असा शांत दिसतो, हे तुम्ही नंतर वाचलंत. ते उजवीकडे. ते चार दिवस खरंच बरे होते की आत काही ठरलं होतं, हे मीही सांगू शकत नाही. बरे दिवस या आजारात खोटे नसतात.

हा कागद भरायला माझ्याकडे येणाऱ्या लोकांना तीन-चार बैठका लागतात. पुष्कळ वेळा ओळ डावीकडे लिहिली जाते, मग माणूस थबकतो, खोडतो आणि उजवीकडे नेतो. ते खोडणं मला महत्त्वाचं वाटतं.

आणि यात फक्त तुम्हीच चुकलात असं समजू नका. २०१७ साली एका मोठ्या आढाव्यात पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र तपासले गेले. निष्कर्ष असा निघाला की कोण, कधी जीव देईल याचा अंदाज बांधण्यात जाणकारांनी वापरलेली धोक्याची चिन्हं नाणेफेकीपेक्षा जेमतेमच बरी ठरतात. धोका आहे हे सांगता येतं, दिवस सांगता येत नाही. जे आम्हाला दवाखान्यात बसून जमत नाही, ते तुम्हाला पनवेल गाडीच्या दारात लटकून जमायला हवं होतं असा निकाल तुम्ही स्वतःविरुद्ध देताय.

आता गोळ्यांबद्दल. ही ओळ डावीकडेच राहणार आहे. ती गोळ्या घेत नाही हे तुम्हाला माहीत होतं. यावर मी पांघरूण घालणार नाही, कारण तुम्हीही घालत नाही आहात. नैराश्याची औषधं डॉक्टरांना न विचारता मध्येच सोडली तर आजार उलटू शकतो, हे खरं. पण त्या दोन महिन्यांत तुम्ही काय काय केलंत तेही त्याच बाजूला लिहा. दोनदा तुम्ही विषय काढलात. एकदा ती म्हणाली, “मला गोळ्यांनी दगड झाल्यासारखं वाटतं.” एकदा भांडण झालं आणि तुम्ही म्हणालात, “रोज उठून तेच, मलाही आता कंटाळा आलाय.” नंतर घरात शांतता राहावी म्हणून गप्प बसलात. अशी बोलणी मी किती घरांतून ऐकली आहेत! तीन वर्षं एका आजारी माणसाची काळजी घेणारा माणूस थकतो. थकलेला माणूस एखादं वाक्य बोलून जातो, एखादी गोष्ट पुढे ढकलतो. त्याची किंमत इतकी मोठी असेल, असं कुणीच धरून चालत नाही.

मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, खंत आणि अपराध. ते तुम्ही एकच करून टाकलेत. ‘तसं बोलायला नको होतं, डॉक्टरांना मीच फोन करायला हवा होता’ ही खंत आहे. ती खरी आहे, तुमच्या हक्काची आहे आणि ती काढून घ्यायचा मला अधिकार नाही. कदाचित ती आयुष्यभर राहील, आणि राहिली तरी माणूस तिच्यासोबत जगू शकतो. अपराध वेगळा. अपराधाला हेतू लागतो, आणि आपण करतोय त्याचं काय होणार हे माहीत असावं लागतं. तुमच्याकडे दोन्ही नव्हतं. नैराश्य, त्याची तीव्रता, औषधं, शाळेतला ताण, आतली एखादी जुनी जखम, त्या दिवसाचं काहीतरी, अशा किती गोष्टी एकत्र येतात तेव्हा हे घडतं. त्यात तुमचं एक वाक्य असेलही, पण सगळ्या गोष्टी बाजूला काढून ते एकच वाक्य फासावर चढवणं म्हणजे तिच्या आजाराला छोटं करणं आहे.

मग मन अपराध सोडत का नाही? माझ्या अनुभवात, एक कारण असं की अपराधात निदान उत्तर असतं. ‘माझ्यामुळे झालं’ हे भयंकर आहे, पण ‘का झालं ते कधीच पूर्ण कळणार नाही’ हे त्याहून भयंकर वाटतं. दुसरं कारण मला नेहमी हळवं करतं. लोकांना वाटतं, दोष सोडला तर ती सुटून जाईल. स्वतःला शिक्षा देणं हाच तिच्यापाशी राहण्याचा शेवटचा मार्ग उरला आहे, असं काहीसं. तुम्ही तिचा फोन रोज चार्ज करून ठेवता असं लिहिलंत. ठेवा. ते तिच्यापाशी राहणंच आहे, त्यासाठी शिक्षेची गरज नाही.

तुमच्या पत्रात दोन भावना नाहीत, आणि त्या नसतील असं मला वाटत नाही. एक, राग. ‘मला आणि पोरीला टाकून गेली.’ दुसरी कुणी उच्चारतच नाही: हायसं वाटणं. तीन वर्षं घरी येताना कुलूप उघडण्याआधी छातीत धस्स होत असेल, तर ते धस्स होणं थांबल्यावर शरीर एक श्वास सोडतं. कळव्याच्या एका बाईंनी आठ महिन्यांनी, दार लावलंय ना हे दोनदा बघून, मला हे हळू आवाजात सांगितलं. नवरा गेल्याच्या तिसऱ्या रात्री त्यांना पहिल्यांदा सलग सहा तास झोप लागली होती आणि त्या झोपेसाठी त्यांनी स्वतःला कधीच माफ केलं नव्हतं. (त्यांचे तपशील मी बदलले आहेत.) तुम्हालाही असं कधी वाटलं असेल, तर ते प्रेमाच्या विरुद्ध नाही.

सासुरवाडीबद्दल. त्यांचं लेकरू गेलंय. त्यांच्या मनातही असाच एक कागद आहे: तिने दिवाळीत काय म्हटलं होतं, राहायला बोलावलं नव्हतं, आजार कळत होता पण ‘संसारात लक्ष घाल’ म्हणून सांगितलं होतं. स्वतःकडे बघवत नाही तेव्हा बोट बाहेर वळतं. म्हणून त्यांनी केलेले आरोप खरे होत नाहीत, आणि तुम्ही ते मुकाट ऐकून घ्यावेत असंही नाही. फक्त फोनवर खुलासे देत बसू नका. खुलाशाने कुणाचं दुःख हललेलं मी पाहिलं नाही. मुलीसाठी दार उघडं ठेवा, ‘तिला आजीशी बोलायचं असतं, रविवारी फोन लावतो’ एवढंच. उत्तर आलं नाही तरी काही महिन्यांनी पुन्हा.

पोलिसांनी दोनदा जबाब घेतल्याने तुम्ही घाबरला आहात. अशा प्रत्येक मृत्यूची ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंद होते, पंचनामा आणि शवविच्छेदन होतं, घरच्यांचे जबाब होतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली व्हायचं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होतं. जबाब घेतला म्हणजे आरोपी ठरवलं असं नाही. मात्र सासरच्यांनी लेखी तक्रार दिली असेल, तर पुढचा शब्द वकिलाशी बोलूनच बोला. यात संकोच नको.

पैशाचं एक, कारण बहुतेक घरांत लोक या वाटेला जातच नाहीत. ‘आत्महत्येत विमा मिळत नाही’ हा सरसकट समज चुकीचा आहे. आयुर्विमा पॉलिसी सुरू होऊन किंवा बंद पडलेली पुन्हा चालू करून बारा महिने उलटले असतील, तर वारसाला पूर्ण रक्कम मिळते. त्याआधी असेल तर भरलेल्या हप्त्यांचे किमान ८० टक्के परत मिळतात. पत्नी खासगी शाळेत नोकरीला होती आणि पीएफ कापला जात होता, म्हणजे पीएफबरोबर ईडीएलआय या पीएफला जोडलेल्या विमा योजनेतली रक्कमही बघा, तिची कमाल मर्यादा सात लाख आहे. कागदपत्रांचं हे काम भावावर सोपवा. तिच्या नावासमोर ‘मयत’ लिहायची वेळ तुमच्यावर कमीत कमी यावी.

गुरुजींनी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबली करायला सांगितलंय आणि तुम्ही विचारताय की करावा का. तुमची श्रद्धा असेल आणि ते तीन दिवस तिच्यासाठी काही केल्याचं समाधान देणार असतील तर करा. ‘तिचा आत्मा भटकतोय आणि त्याला तुम्ही कारण’ असं कुणी मनात भरवत असेल, तर तो विधी राहत नाही, दंड होतो. दंड भरायला जाऊ नका.

आता मुलीबद्दल, आणि इथे मी जरा आग्रहाने लिहिणार आहे. तिला खरं सांगा. नऊ वर्षांच्या मुलीला इमारतीच्या जिन्यात, स्कूल बसमध्ये, मोठ्यांच्या अर्धवट तुटलेल्या बोलण्यातून ते कळणारच आहे, कदाचित थोडंफार कळलंही असेल. मग ती दोन गोष्टी शिकेल: आईचं काहीतरी लाजिरवाणं होतं, आणि बाबांना विचारायचं नसतं. मुलं रिकामी जागा स्वतःला दोष देऊन भरतात. आठ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे यायचा, तो रोज रात्री झोपण्याआधी दारातल्या बाबांच्या चपला मोजायचा. दोन दिसल्या की झोपायचा. आई का गेली हे घरात कुणी त्याला सांगितलं नव्हतं, म्हणून बाबाही कुठल्या रात्री जातील ते त्याला ठरवता येत नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी, घरातच, तिला जवळ घेऊन सांगा. रात्री झोपताना नको. शब्द तुमचे वापरा, पण साधारण असे: “आईला मनाचा मोठा आजार होता. त्या आजारात माणसाला सगळीकडे अंधार दिसतो, मदत शेजारी असली तरी दिसत नाही. त्या आजारामुळे आईने स्वतःचं आयुष्य संपवलं. तू काही केलंस म्हणून नाही, तू काही बोललीस म्हणून नाही. माझ्यामुळे नाही. मी आधी अटॅक म्हणालो, कारण तेव्हा मला हे कसं सांगायचं ते कळत नव्हतं. आता तू जे विचारशील त्याचं खरं उत्तर देईन.”

‘कसं’ हे तिने विचारलं तर अगदी थोडक्यात, चित्र उभं राहणार नाही असं सांगा. ती पुन्हा पुन्हा तेच विचारेल, कधी सांगून झाल्याबरोबर खेळायला निघून जाईल. दोन्ही ठीक आहे. ‘बाबा, तू पण जाशील का?’ हा प्रश्न येणार. त्याला “छे, काहीतरीच” असं उत्तर देऊ नका. “मला खूप वाईट वाटलं की मी काकाला सांगतो, आणि मी एका मॅडमकडे बोलायला जातो,” असं सांगा. आणि ते खरं असू द्या. तिच्या वर्गशिक्षिकेलाही एकदा भेटून कल्पना द्या.

ते मधलं छोटं वाक्य, ‘माझ्यामुळे नाही’, म्हणताना तुमचा आवाज अडखळेल. मुलांना ते अडखळणं लगेच कळतं. म्हणून तो कागद आधी भरा. तुमचा पूर्ण विश्वास बसेपर्यंत थांबावं लागेल असं नाही. तुम्ही निकाल मागे घेतला आहे आणि खटला अजून चालू आहे, इतपत झालं तरी वाक्य निघतं.

तुम्ही विचारलंत, सात महिने झाले तरी असं का, हे आता ‘नॉर्मल’ आहे का. दुःखाचे पाच टप्पे असतात आणि ते पार झाले की संपतं, असं खूप ठिकाणी वाचायला मिळतं. ती मांडणी मुळात स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांवरून आली होती. मी बघते ते येरझारे असतात. माणूस दोन दिवस ऑफिस, डबा, वीजबिल यात असतो, तिसऱ्या दिवशी डी-मार्टच्या रांगेत तिच्या आवडीचा साबण दिसतो आणि पाय हलत नाहीत. दोन्ही लागतं. कामात बुडालात म्हणून तिला विसरलात असं नाही, आणि कोसळलात म्हणून मागे गेलात असंही नाही. पण सहा महिने ते वर्ष उलटूनही जवळजवळ रोज, दिवसभर तीच तीव्रता असेल, घर-नोकरी-मूल यातलं काहीच सांभाळता येत नसेल, तर त्याला आता प्रदीर्घ शोक असं निदान आहे आणि त्यासाठी वेगळे उपचार आहेत. तुम्ही नोकरीवर जाता, मुलीचं करता. तरीही झोपेसाठी रोज रात्री थोडी घेता, वजन नऊ किलो उतरलंय, आणि मघाचं ते वाक्य आहे. एवढं पुरेसं आहे. या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. दारूने झोप लागते पण पहाटे तीनला ती मोडते आणि नेमक्या त्याच वेळी खटला सुरू होतो. ऐरोलीहून ठाणे जवळ आहे. १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथे बाह्यरुग्ण विभाग चालतो. आयपीएचसारखी मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आहे. नावाला बिचकू नका. जिथे जाल तिथे ‘पत्नी आत्महत्येने गेली’ हे पहिल्याच भेटीत, पहिल्या पाच मिनिटांत सांगा.

असा कुणीतरी दुसरा भेटला, ज्याच्या घरात हेच घडलं आहे, तर फार फरक पडतो. २०२२ साली एकट्या महाराष्ट्रात अशा २२,७४६ मृत्यूंची नोंद झाली, म्हणजे रोज साठहून जास्त घरं. तुमच्या लोकलच्या डब्यात असा माणूस असण्याची शक्यता खूप आहे. तो बोलत नाही, तुम्हीही बोलत नाही. तुमच्या डॉक्टरांना असा गट माहीत आहे का, ते विचारा.

दुसऱ्या लग्नाचं आई सुचवतेय, ‘मुलीसाठी तरी’. तिला सांगा, वर्षभर हा विषय नको. तिचा हेतू वाईट नाही, पण तुमच्या मुलीला आत्ता नवी आई नकोय, आहे त्या आईबद्दल मोठ्याने बोलता यायला हवंय.

राहिली वेणी. तुम्ही लिहिलंत की तुम्हाला वेणी जमत नाही म्हणून मुलगी केस कापायचे म्हणतेय आणि तुम्हाला ते सहन होत नाही, कारण ते केस तिची आई विंचरायची. आधी तिला विचारा की केस तिला खरंच नकोत की तुमची सकाळ सोपी व्हावी म्हणून ती म्हणतेय. तिला नको असतील तर कापू द्या. हवे असतील तर माझ्याकडे येणाऱ्या एका बाबांनी शोधलेली युक्ती सांगते: रात्रीच थोडं तेल लावून गुंता काढून ठेवायचा, सकाळी आधी घट्ट रबर लावून पोनी बांधायची आणि मग त्या पोनीचे तीन भाग करून विणायचं. टोकाला दुसरं रबर. शाळा सुटेपर्यंत सुटत नाही. पहिले काही दिवस वाकडी येईल, तिला आरशात बघून सांगू द्या कुठे ओढली जातेय ते.